कंबर कामाने गेली, हे कागदावर कसे आणायचे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ४० वर्षांचे, राहायला इंदूरच्या राजेंद्रनगरात. नोकरी पीथमपूरला, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, ठेकेदारामार्फत, सहा वर्षांपासून. काम पॅकिंगचे. टेबल इतके खुजे की शिफ्टभर वाकूनच राहावे लागते, आणि भरलेली खोकी जमिनीवरच्या पॅलेटवर रचावी लागतात. पगार १९,५०० रुपये, त्यातून ईएसआय (कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी) कापले जाते. तीन महिने कंबर ठणकत होती. दीड महिन्यापूर्वी खोके उचलून वळताना उसण भरली, डाव्या पायात मुंग्या आल्या, सुपरवायझरला सांगून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या खाजगी डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या पर्चीवर ‘कमर दर्द, ३ माह से’ एवढेच आहे. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकलेली निघाली. कारखाना म्हणतो हे वयाचे आहे. ठेकेदार म्हणतो राजीनामा द्या, ५०,००० देतो. मामा म्हणतात ईएसआयच्या भानगडीत पडू नकोस, सरळ कामगार न्यायालयात केस टाक. तर भरपाई मिळेल का आणि किती?

मी इंदूरला कामगारांच्या बाजूने वकिली करतो. अशी प्रकरणे माझ्याकडे वरचेवर येतात आणि बहुतेक उशिरा येतात. तुम्ही फार उशीर केलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याच्या आधी एक गोष्ट. पाऊल उचलेनासे झाले, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असे वाटले, तर त्याच क्षणी एम.वाय. किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. मज्जातंतू दबल्याची ती खूण असते आणि तिथे तासांनी फरक पडतो. माझ्या सल्ल्याचे मग बघू.

आता मामांचे. त्यांचा राग कळतो. आपल्या शहरात हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. ज्या घरांनी ते पाहिले त्यांचा कुठल्याच कचेरीवर विश्वास उरलेला नाही. पण ईएसआय सोडून न्यायालयात जाण्याचा रस्ता तुम्हाला मुळी उघडाच नाही. ज्याचे ईएसआय कापले जाते त्याला कामावरच्या दुखापतीसाठी मालकाकडून कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही. ईएसआय कायद्याचे कलम ५३ त्यासाठीच आहे आणि दिवाणी दाव्यालाही ते आडवे येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. केस टाकलीत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला पगाराची पावती पुढे करील आणि वर्ष-दोन वर्षांनी दावा फेटाळला जाईल. तोवर ईएसआयकडचे पुरावे शिळे झालेले असतील.

जाता जाता एक खुलासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले आहेत. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. नंदानगरच्या पंचदीप भवनात (ईएसआयच्या कचेरीत) आणि वकिलांच्या बोलण्यात अजून जुनीच नावे चालतात, म्हणून मीही तीच वापरतो. अर्ज लिहिताना मात्र नव्या संहितेचा उल्लेख करा.

आता खरी अडचण. कायदा पैसे देतो ते दोन गोष्टींसाठी: कामातून आणि काम चालू असताना घडलेला अपघात, किंवा कायद्याच्या परिशिष्टात नाव असलेला व्यावसायिक आजार. तिसरे दार नाही. परिशिष्टात शिसे आणि पाऱ्याची विषबाधा आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे (आपल्या मिलवाल्यांचा खोकला तोच). वाकून वाकून झालेली कंबरदुखी, मानेचा स्पाँडिलोसिस, शिलाई मशीनवर गेलेले खांदे यांतले काहीही त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या यादीत मनगटाच्या कार्पल टनेलसारखे स्नायू-सांध्यांचे विकार घेतले आहेत, आपल्याकडे ते आलेले नाहीत. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आजच्या पीथमपूर-देवासमध्ये शिशाने आजारी पडणाऱ्यांपेक्षा कमरेने बसलेले लोक मला कितीतरी जास्त भेटतात. पण माझ्या मताने ईएसआयकडे अर्ज मंजूर होत नाही.

म्हणजे ‘सहा वर्षे वाईट टेबलावर काम केले म्हणून कंबर गेली’ एवढेच लिहिलेत तर उत्तर ठरलेले आहे: हा आजार आहे, यादीत नाही, अर्ज नामंजूर. ‘अमुक तारखेला, अमुक पाळीत, अमुक वजनाचे खोके उचलून वळताना कमरेत कळ आली आणि त्याच वेळी पाय बधिर झाला’ हे लिहिलेत तर तो अपघात होतो. अपघात म्हणजे छत कोसळायला हवे किंवा हात मशीनमध्ये जायला हवा असे नाही. नेहमीचेच काम करताना शरीरात अचानक, अनपेक्षित काही तुटले-सरकले तर तेही अपघातात धरण्याची न्यायालयांची जुनी परंपरा आहे. आणि आधीपासून दुखत होते म्हणून दावा बुडतो असेही नाही. आधीचा विकार कामाच्या ताणाने वाढला किंवा एकदम उसळला, आणि कामाचा त्याच्याशी थेट संबंध दाखवता आला, तर भरपाई मागता येते. हृदयविकाराच्या प्रकरणांत हा मुद्दा बऱ्याचदा लढवला गेला आहे. त्याच प्रकरणांत न्यायालयांनी हेही बजावले आहे की कामावर असताना झाले एवढे पुरेसे नाही, कामामुळे झाले हे दाखवावे लागते.

तुमच्या बाबतीत घटना खरीच घडलेली आहे. म्हणून मी हे लिहितोय. ज्याच्या बाबतीत अशी घटना नाही, दुखणे हळूहळूच वाढले आहे, त्याने ती बनवू नये. लोक बनवतात, आणि पकडले जातात ते हजेरीच्या नोंदीवरून, कारण बनवलेल्या तारखेला माणूस पूर्ण पाळी करून वर दोन तास ओव्हरटाइमही करून गेलेला असतो. तशा माणसाचा रस्ता आजारलाभाचा. त्यावर खाली येतो, आणि तोही काही अगदी कोरडा नाही.

आता ती पर्ची. ‘कमर दर्द, ३ माह से’ हे मोजके शब्द तुमच्या प्रकरणातला सगळ्यात महाग मजकूर आहेत. डॉक्टरांचे चुकलेले नाही. त्यांनी विचारले केव्हापासून, तुम्ही सांगितले तीन महिन्यांपासून, त्यांनी लिहिले. आदल्या दिवशीच्या घटनेचे तुम्ही त्यांना सांगितले होते का? सांगितले असेल आणि लिहिले गेले नसेल, तर त्याच डॉक्टरांकडे जाऊन वेगळे प्रमाणपत्र मागा: रुग्ण अमुक तारखेला आला, तीन महिने कंबर ठणकत होती, आदल्या दिवशी कामावर वजन उचलताना तीव्र कळ आली आणि त्यानंतर डाव्या पायात मुंग्या सुरू झाल्या असे त्याने सांगितले, तपासणीत अमुक आढळले. जुनी पर्ची खोडू नका, तीवर काही वाढवून घेऊ नका, नवी पर्ची जुन्या तारखेने तर मुळीच मागू नका. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले तर त्यांत विरोध नाही. तीन महिने नुसती कंबर होती, पाय नव्हता. पाय त्या दिवशी आला. हा फरक तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, म्हणून प्रत्येक डॉक्टरला, ईएसआयच्याही, तो याच क्रमाने आणि याच शब्दांत सांगा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगितले की केस सैल पडते. घटनेचे पहिल्या डॉक्टरांना बोललाच नसाल, तर तेही लपवू नका. मग भार सुपरवायझर आणि सोबत्यांच्या साक्षीवर टाकावा लागेल.

एमआरआयवर फार विसंबू नका. समोरचे म्हणतील की चाळिशीत कंबर न दुखणाऱ्या माणसाच्याही एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. एमआरआय सांगतो की चकती सरकली. कधी आणि कशाने, ते सांगत नाही. ते सांगणारे कागद वेगळे असतात.

त्यातला पहिला कागद तुम्हीच तयार करायचा आहे, याच आठवड्यात. कारखान्याच्या व्यवस्थापनाला आणि ठेकेदाराला एकच पत्र, प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयाला. हिंदीत लिहा, कारण इथे वाचणारे सगळे हिंदीत वाचतात. पत्रात तारीख, पाळी, वेळ, लाइनचे नाव, खोक्याचे अंदाजे वजन, काय करत होता, काय झाले, कोणाला सांगितले, किती वाजता बाहेर पडलात, एवढेच. सहा वर्षांच्या तक्रारी, सुपरवायझरची वागणूक, ठेकेदाराची भाषा यांतले काही नको. शेवटी दोन मागण्या: अपघात-पुस्तकात नोंद करून ईएसआयला फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल पाठवावा, आणि त्या दिवसाचे त्या लाइनचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. चित्रण बहुधा पुसले गेलेले असेल. तरी मागा, मागूनही दिले नाही हेही पुढे कामाला येते. हातोहात दिलेत तर प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळले आहे, खिडकीवर रजिस्टरचा हट्ट धरून परत येऊ नका.

कारखाना फॉर्म १२ भरणार नाही, असे गृहीत धरा. ठेकेदार म्हणेल कारखान्याने भरायचा, कारखाना म्हणेल ठेकेदाराचा माणूस. तुम्ही दोघांनाही लिहिलेले असल्याने हा खो-खो त्यांचा त्यांनी खेळावा. मालकाने कळवले नाही तरी कामगाराने दिलेल्या माहितीवर शाखा कार्यालय चौकशी करू शकते. म्हणून ती तिसरी प्रत महत्त्वाची, आणि तिच्यावरचा आवक क्रमांक टिपून ठेवणेही.

साक्षीसाठी त्या दिवशी सोबत असलेला एक माणूस पुरे, पण तो अजून नोकरीत असेल तर लिहून द्यायला घाबरेल. त्याच्यावर दबाव आणू नका. त्यापेक्षा आपला फोन उघडून बघा. त्या संध्याकाळी सुपरवायझरला ‘कमर में लचक आ गई, कल नहीं आ पाऊंगा’ असा एखादा व्हॉट्सॲप संदेश गेला आहे का? लाइनच्या ग्रुपवर कोणी चौकशी केली आहे का? असे दोन ओळींचे संदेश नंतर मिळवलेल्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा वजनदार ठरतात, कारण तेव्हा भरपाईचा विचार कोणाच्या डोक्यात नसतो. नुसता स्क्रीनशॉट काढून भागवू नका, तो फोनच जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका. गेटवरून लवकर बाहेर पडल्याची नोंद, त्या दिवसाची अर्धी हजेरी, त्या महिन्याची पगारपत्रिका हेही घ्या. टेबलाची उंची, खोक्यावर छापलेले वजन, पाळीत किती खोकी होत ते आठवेल तसे आजच वहीत लिहा. टेबलाचा फोटो असेल तर उत्तम. कारखान्यात फोटो काढायला मनाई असेल तर नियम मोडून काढायला जाऊ नका, त्यावरून शिस्तभंगाची नोटीस देतात आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

आता पैशांचे. तुमचा पगार १९,५००, म्हणजे रोजचा सरासरी ६५० रुपये धरू.

दुखापत कामावरची म्हणून मान्य झाली, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ रोजच्या वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे ५८५ रुपये. यासाठी किती दिवस वर्गणी भरली होती अशी अट नाही. कामावरचा पहिला दिवस असता तरी मिळाला असता. मान्य नाही झाली, तर साधा आजारलाभ ७० टक्के, म्हणजे ४५५ रुपये, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. आणि इथे एक गोष्ट आहे जी ठेकेदार तर सोडाच, कधी कधी दवाखान्यातले लोकही सांगत नाहीत. ईएसआयची ३४ दीर्घ आजारांची यादी आहे आणि मणक्यातली चकती सरकणे तिच्यात आहे. त्यासाठी विस्तारित आजारलाभ ८० टक्के, तुमच्या हिशेबाने ५२० रुपये रोज, आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. अट अशी की दोन वर्षे सलग विमाधारक असायला हवे आणि आधीच्या चार वर्गणी-काळांत (प्रत्येक सहा महिन्यांचा) मिळून १५६ दिवसांची वर्गणी असायला हवी. तुमची सहा वर्षे आहेत. ठेकेदाराने वर्गणी खरोखर भरली आहे का, ते ईएसआयच्या पोर्टलवर तुमच्या विमा क्रमांकाने आजच पाहा. कापली आणि भरली नाही, असे होते.

म्हणजे तात्पुरत्या काळापुरता ५८५ आणि ५२० यांत रोज ६५ रुपयांचाच फरक आहे. तेवढ्यासाठी मी कोणाला भांडायला लावणार नाही. खरा फरक पुढे पडतो. उपचार संपल्यावरही कमतरता राहिली, तर आजाराच्या खात्यात पुढे काहीच नसते. कामावरच्या दुखापतीत मात्र वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर पैसे मिळतात. समजा मंडळाने २० टक्के ठरवले, तर ५८५ च्या २० टक्के म्हणजे ११७ रुपये रोज, महिन्याला साधारण ३,५१०. हा पैसा नोकरी सुटली तरी थांबत नाही. ५०,००० चा प्रस्ताव या आकड्याशेजारी ठेवून पाहा. सव्वा वर्षात तो संपतो.

दोन्ही लाभ एकाच काळासाठी मिळत नाहीत. पण निर्णय लागेपर्यंत आजारलाभ घेतल्याने दुखापतीचा अर्ज मरत नाही, फक्त पहिल्या कागदापासून ‘कामावरची दुखापत’ हे शब्द सगळीकडे हवेत. मधल्या दीड महिन्याचे काय? तुम्ही खाजगी डॉक्टरांकडे होता, आणि खाजगी रजाचिठ्ठी ईएसआयला एकटी पुरत नाही. ती पर्यायी पुरावा म्हणून एमआरआय, औषधांची बिले यांसह द्या. मान्य करणे अधिकाऱ्यांच्या हातात आहे. आजपासून मात्र प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांचेच घ्या आणि एकही दिवस रिकामा सोडू नका. उद्या सकाळी आपल्या दवाखान्यात जा, तिथून नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयातल्या हाडांच्या विभागासाठी चिठ्ठी मागा. रांग असते, दिवस जातो. सोबत कोणाला तरी न्या, बाकावर बसून तुमची कंबर आणखी धरेल.

वैद्यकीय मंडळापुढे लोक जातात आणि ‘साहेब, फार दुखते’ एवढे सांगून येतात. दुखण्याचे माप मंडळाकडे नाही. काम किती जमत नाही, ते मोजता येते. किती वेळ एका जागी बसता येते, किती वजन उचलता येते, मोटारसायकलवर पीथमपूरला जाता येते का, वाकून बुटाची नाडी बांधता येते का, आणि मुख्य म्हणजे तुमच्या कामात काय काय करावे लागते. तुमचे काम शरीराचे आहे. कचेरीत बसणाऱ्याच्या कमरेची १० टक्के हानी आणि पॅकिंगवाल्याच्या कमरेची १० टक्के हानी यांनी कमाई सारखी घटत नाही. १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक सुतार होता. डावा हात कोपराच्या वरून कापलेला. कोणता अवयव गेला तर किती टक्के हानी, या कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे ती काही टक्केच भरत होती, पण एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून न्यायालयाने ती संपूर्ण धरली. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या मोटार अपघाताच्या निकालातही शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व ही दोन वेगळी मापे आहेत हे नीट उलगडले आहे. कंबर तक्त्यात नाही, म्हणजे मंडळाला विचार करायला जागा आहे, आणि तुम्हाला सांगायला. कामाचे स्वरूप एका पानावर लिहून न्या. मंडळाने कमी टक्के दिले किंवा नाकारले, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात जाता येते. मुदत धावत असते, आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.

हे सगळे पगार २१,००० च्या आत असणाऱ्यांसाठी. तुमच्याच लाइनवर कोणी २४,००० घेणारा असेल आणि त्याचे ईएसआय कापले जात नसेल, तर त्याच्यासाठी मामांचा सल्ला बरोबर आहे. तो नुकसानभरपाईसाठी मालकाकडे, आणि मालकाने दिले नाही तर नुकसानभरपाई आयुक्तांपुढे जातो. आपल्या राज्यात ही कामे कामगार न्यायालयातले न्यायाधीश पाहत आले आहेत. कारखाना धार जिल्ह्यात असला तरी दावा राहत्या ठिकाणी, म्हणजे इंदूरला टाकता येतो. हिशेब असा: वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. वेतन कितीही असो, ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे ते १५,००० च्या वर धरले जात नाही. ४० वर्षांचा गुणक १८४.१७. म्हणजे संपूर्ण अपंगत्वाला १६,५७,५३० रुपये, आणि २० टक्के हानीला ३,३१,५०६. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. दाव्याची मुदत दोन वर्षे. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ कारखान्याकडून मागता येते. पगार नुकताच २१,००० च्या पुढे गेला असेल तर घाई करू नका. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, आणि मध्येच पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत ईएसआय चालूच राहते.

सुपर कॉरिडॉरवर, इंदूरच्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, संगणकापुढे बसणारी मुलेही मला मान-मनगट दाखवून हेच विचारतात. त्यांना खरे सांगतो: एका दिवशी घडलेली घटना नसेल, तर त्यांच्या दाव्याला आजच्या कायद्यात जवळजवळ जागा नाही. त्यांनी खुर्ची बदलून घ्यावी, ते लेखी मागावे, आणि कंपनीचा गट आरोग्यविमा फिजिओथेरपीचे किती देतो ते पाहावे. खटल्यापेक्षा त्यात जास्त हाती लागते.

तुम्ही बरे होऊन कामावर परत जाल तेव्हाची तयारी आत्ताच करा. ईएसआयच्या डॉक्टरांकडून फिटनेस प्रमाणपत्र घेताना त्यावर ‘वजन उचलणे टाळावे, वाकून काम नको’ असे स्पष्ट लिहून घ्या. नुसते ‘फिट’ लिहिले की दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्याच टेबलापुढे उभे असाल. इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये, असे कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्ये होते, आणि उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसायची सोय द्यावी, असे कलम ४४ मध्ये. हा कायदाही आता व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत गेला आहे आणि मालकाची जबाबदारी कायम आहे. नव्या व्यवस्थेत ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही मालकाने करायची आहे. ती होत नसेल तर मागा. टेबल वीतभर उंच करायला आणि पॅलेटखाली स्टँड द्यायला कारखान्याला फारसा खर्च येत नाही, हे युनियनने लावून धरले तर पटतेही. तुमच्याकडे युनियन नसेल तर लाइनवरच्या चार-पाच जणांनी सही करून दिलेला अर्ज चालेल. एकट्याने मागू नका.

राहिला राजीनामा. देऊ नका. ठेकेदार ५०,००० उदारपणे देत नाही; त्याच्या कागदावर ‘स्वखुशीने, घरगुती कारणाने नोकरी सोडत आहे, कोणतेही येणे बाकी नाही’ असे असते, आणि पुढे प्रत्येक चौकशीत तो कागद तुमच्या तोंडावर येतो. हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही हे खरे, पण तो टिकत नाही हे सिद्ध करायला तुम्हालाच वर्षे घालवावी लागतील. कोऱ्या कागदावर किंवा व्हाउचरवर सही मागितली तर ‘घरी वाचून सांगतो’ म्हणा आणि त्याचा फोटो काढून घ्या. त्यांनी तुम्हाला गेटवर अडवले, तर त्याच दिवशी मोती बंगल्यावरच्या श्रमायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. ती नोकरीची भांडणे वेगळी चालतात, भरपाईत मिसळू नका.

वकील लगेच लागणार नाही. पत्र, शाखा कार्यालय, दवाखाना आणि मंडळ इथपर्यंत तुम्ही स्वतः जाऊ शकता. अपिलाची वेळ आली तर औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही; जिल्हा न्यायालयात त्यांची कचेरी आहे, ईएसआयचे कार्ड आणि मंडळाचा आदेश घेऊन जा. खाजगी वकील केलात तर फी आधी ठरवून पावती घ्या. मिळालेल्या रकमेत टक्का मागणाऱ्याकडे जाऊ नका. निकालावर अवलंबून असलेली फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी आम्हाला मनाई आहे.

पत्राचा मसुदा लिहून झाला की पाठवण्याआधी एकदा मला दाखवा, आणि सोबत ती जुनी पर्चीही आणा.